तारीखअक्का

तिला काहीही सांगायला जा, तिचा पहिला प्रश्न ठरलेला. “कवाचं?”

सरांनी केबिनमधून बाहेर येऊन “पाणी वाढलंय” म्हटलं की ही मान वर न करता विचारणार, “कवाचं?” नकाशे करणारा इरफान लाजत लाजत म्हणाला, “अक्का, माझं ठरलंय,” तर अभिनंदन राहिलं बाजूला, आधी “कवाचं?” मी दुपारी डब्यातली वांग्याची भाजी पुढं केली तरी तेच. “कवाचं हाय हे, मॅडम?” सकाळचं आहे म्हटल्यावर मग चवीनं खायची, बोटं चाटायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या हाताचं कौतुक करायची. ते कौतुक मला कधी गोड लागलं नाही. का, ते सांगते.

फाइलच्या नावात तारीख आणि वेळ असलीच पाहिजे हा तिचा हट्ट. संगणकातून बाहेर पडणारी यादी असो, नकाशा असो, तक्ता असो, तो कुठल्या दिवशी आणि किती वाजता तयार झाला हे त्याच्या नावाला चिकटवल्याशिवाय ती त्याला उंबऱ्याबाहेर सोडत नसे. म्हणून ती तारीखअक्का. हे नाव इरफाननं ठेवलं आणि बघता बघता सगळ्यांच्या तोंडी बसलं. खरं नाव शुभांगी. गडमुडशिंगीची. घरी ती आणि अंगणवाडीत काम करणारी आई. संख्याशास्त्र शिकून पुण्यात दोन-तीन नोकऱ्या करून ती परत आली होती, ती थेट आमच्या ऑफिसात.

वयानं मी तिच्यापेक्षा मोठी. नोकरीतही जुनी. पण ऑफिसनं अक्का तिला केलं आणि मला मॅडम. यातला फरक ज्याला मॅडम म्हणतात त्यालाच कळतो. मॅडम आल्या की लोक खुर्ची सोडून उभे राहतात. अक्काच्या टेबलावर येऊन बसतात.

आमचं ऑफिस कसबा बावड्याच्या रस्त्याला, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर. दोन खोल्या, एक केबिन, आणि उसाचा हंगाम सुरू झाला की खिडकीतून येणारा मळीचा वास. बंधाऱ्यांवरची पाण्याची पातळी, धरणातून सोडलेलं पाणी, ठिकठिकाणचा पाऊस असे आकडे दिवसभर आमच्याकडं येतात. ते संगणकात जातात, त्यांचं गणित होतं आणि दुसऱ्या टोकाला एक यादी बाहेर पडते. कुठल्या गावापासून पाणी किती लांब आहे, कुठला रस्ता साधारण कधी बुडेल, हे त्या यादीत असतं. पावसाळ्यात ती सरकारी कंट्रोल रूमला जाते आणि तिथून गावोगावच्या मोबाइलवर.

शुभांगी यायच्या आधी ही यादी माझ्या ताब्यात होती. ती दर वेळी एकाच नावानं बाहेर पडायची आणि आधीची पुसून तिच्या जागी बसायची. आधीची हवी असली तर पुसली जायच्या आत तिची नक्कल करून वेगळं नाव द्यावं लागे. ती नावं देणारी मी. ‘फायनल’, ‘फायनल दोन’, ‘फायनल नवी’, ‘सरांनी बघितलेली’, ‘हीच घ्या’, आणि एकदा तर ‘हीच घ्या खरी’. बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. पण मला त्यातली एकेक फाइल चेहऱ्यानं ओळखू यायची. कुणालाही यादी हवी असली की माझ्या खुर्चीपाशी यावं लागे. “मॅडम, कुठली घेऊ?” खुद्द सर विचारायचे. मी चष्मा कपाळावर चढवायचे, थोडं थांबायचे आणि मग सांगायचे. थांबायची काही गरज नसे. पण ते थांबणं मला आवडायचं.

ती आली त्याच आठवड्यात तिनं माझं ते फोल्डर उघडलं आणि असं हसली की खालच्या दुकानातला माणूस जिन्यात येऊन बघून गेला.

“आवं मॅडम, एवढ्या फायनली? कुस्त्यांच्या मैदानातबी एवढ्या फायनली होत न्हाईत की!”

“मला कळतं त्यातलं,” मी म्हटलं.

“तुमास्नी कळतंय. पण तुम्ही रजेवर गेलासा, मग?”

मी कित्येक महिन्यांत रजा घेतली नव्हती. का घेतली नव्हती हे त्या क्षणी माझं मलाच कळलं, आणि ते तिच्या तोंडून कळावं याचा मला राग आला.

त्याच दुपारी तिनं काम करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चार ओळी घातल्या. झालं. यादी बाहेर पडताना संगणक स्वतःच घड्याळ बघायचा आणि तारीख-वेळ नावात लावून फाइल ठेवायचा. जुनी पुसली जाणं बंद. इरफान तिच्या मागं उभा राहून बघत होता. तो म्हणाला, “अक्का, आपण तर दिवस आधी लिहितो. तू वर्ष आधी का घातलंयस?”

“दिवस आधी लिही की तुझ्या लग्नाच्या पत्रिकंवर. हितं मोठं आधी, बारकं मागनं. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. मग फाइली आपल्या आपण ओळीत उभारत्यात, शाळंत प्रार्थनेला उभारल्यागत. आणि एक आकडी महिन्याच्या आधी शून्य लाव, न्हायतर फेब्रुवारीच्या आधीच ऑक्टोबर घुसतोय.”

“आणि तास-मिनिटाच्या मधे दोन टिंबं?”

“न्हाय चालत. काम्पुटर ते नावच घेत न्हाय. आणि घड्याळ एकदाच बघायचं, काम सुरू होताना. यादी, नकाशा, तक्ता, तिघंबी एका आईची लेकरं. प्रत्येकाला येगळं घड्याळ दाखवलं तर कोण कुणाचा भाऊ ते कळायचं न्हाय.”

मला राहवलं नाही. मी म्हटलं, “नाव फार लांब होतंय. दिसायलाही कसंतरी दिसतं.”

“असू दे की, मॅडम. माणसाला न्हाय का लागत? नाव, बापाचं नाव, आडनाव. नुसतं ‘फायनल’ म्हटल्यावर कुणाचं फायनल, कवाचं फायनल? उद्या पाणी आणि वाढलं की हे फायनल तोंड कुठं लपवणार?”

सगळे हसले. मीही हसले. दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीपाशी कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. केबिनच्या काचेतून मला दिसत होतं, सर स्वतःच फोल्डर उघडून सगळ्यात खालची फाइल घेत होते आणि गुणगुणत होते. सरांना गुणगुणता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

तिच्या बोलण्याचंही तसंच. आमच्या भागातल्या बायका ‘मी करतो’, ‘मी जातो’ म्हणतात, तशी ती बिनदिक्कत म्हणायची. “मी करतो की, सर.” मीही नदीकाठच्या गावातलीच. पण शहरात आल्यावर मी मेहनतीनं ‘करते’, ‘जाते’ शिकले होते, ‘न्हाय’चं ‘नाही’ केलं होतं, फोनवर आवाज खाली आणायला शिकले होते. इतकी वर्षं घासून पुसून मी जे मिळवलं, त्याची गरजच नव्हती असं ही रोज मोठ्यानं सिद्ध करत होती. एकदा मुंबईहून एक बडे अधिकारी आमचं काम बघायला आले. मी शुद्ध भाषेत, पडद्यावर चित्रं दाखवत, चांगलं तयारीनिशी बोलले. ते मान डोलवत होते. मग चहाच्या वेळी त्यांनी हिला सहज काहीतरी विचारलं, आणि हिनं कपातला चहा हळूहळू बशीत ओतून धरण कसं भरतं आणि बंधाऱ्याला पाणी कधी पोचतं ते दाखवलं. जाताना त्यांनी नाव विचारलं ते तिचं. माझ्याकडं बघून नमस्कार केला.

ती वाईट असती तर मला किती बरं झालं असतं! मी शोधत होते. ती उशिरा येत नव्हती, कुणाची चुगली करत नव्हती, माझ्याशी कधी तुसडेपणानं वागली नाही. मला अडचण असली की माझं काम मागून घ्यायची आणि झालं की माझ्याच नावावर लावायची. असल्या माणसाचा राग धरणं फार कष्टाचं असतं. तरी मी तो धरला होता.

मग एक दिवस माझी वेळ आली.

सरांनी सगळं काम ऑफिसातल्या जुन्या संगणकावरून काढून भाड्यानं घेतलेल्या, कुठंतरी लांब असलेल्या संगणकावर हलवलं होतं. दुपारी जेवून आल्यावर मी नवी यादी उघडायला गेले आणि नाव बघून थबकले. भिंतीवर तीन वाजले होते. फाइलच्या नावात साडेनऊ. मी पुन्हा पाहिलं. आधीच्या फाइली पाहिल्या. सगळ्या तशाच, साडेपाच तास मागं. मी उठले, सर बाहेर उभे आहेत हे बघून घेतलं आणि म्हटलं, “शुभांगी, तुझ्या फाइलीत अजून सकाळ आहे. इकडं तीन वाजलेत.”

तिनं येऊन बघितलं. क्षणभर तिचा चेहरा खरोखर उतरला, आणि तो क्षण मी आजही विसरलेले नाही. मग तिनं कपाळावर हात मारला.

“आईशप्पथ! त्या मशिनीचं घड्याळ आपलं न्हायच की, जगाचं हाय. आपली वेळ लाव म्हणून सांगायचं मी इसरलो.”

तिनं चूक तिथल्या तिथं दुरुस्त केली. एवढ्यावर थांबली असती तर तो दिवस माझा होता. पण ती खोलीच्या मध्ये जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “ऐका रे समद्यांनी. माझं चुकलंतं. मॅडमनी धरलं. ह्यांचं ध्यान नसतं तर पावसाळ्यात आपुन गावं बुडवली असती.” मग खाली जाऊन सगळ्यांसाठी गरम भजी घेऊन आली आणि पहिलं भजं माझ्या हातात ठेवलं.

संध्याकाळी निघताना सर माझ्याजवळ थांबले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. “बघितलंत ना मॅडम,” ते म्हणाले, “केवढं मोठं मन आहे त्या मुलीचं!”

चूक मी पकडली आणि मन तिचं मोठं ठरलं. मी स्कूटर सुरू करताना तीन वेळा चुकले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात नदी फुगली. आमचं माहेर नदीकाठी आहे. आई गेल्यापासून तिथं आबा एकटेच, दोन म्हशी आणि थोडं शेत. आबांना शहरात या म्हटलं की म्हशींना कोण विचारणार, हे उत्तर तयार असे. त्या दिवशी सकाळी यादी गेली त्यात आमच्या गावापुढं ‘धोका नाही’ असं होतं. ते तेव्हा खरंही होतं. पण नंतर धरणाचे दरवाजे उघडले, वरच्या अंगाला पाऊस धरला आणि दुपारच्या यादीत आमच्या गावाचं नाव एकदम वर सरकलं. संध्याकाळपर्यंत गावाचा रस्ता पाण्याखाली जाणार होता.

मी आबांना फोन लावला. “आबा, म्हशी सोडा आणि माळावरच्या शाळेत जा. आत्ता.”

“कशाला? यादीत धोका न्हाय म्हणून लिवलंय की.”

“ती जुनी यादी आहे.”

“जुनी कशावरनं? आत्ता आलीया माझ्या फोनवर. तुमच्याच हापिसाची हाय.”

कुणीतरी सकाळचीच यादी गावाच्या ग्रुपवर पुन्हा टाकली होती. मी समजावून सांगितलं. मग ओरडून सांगितलं. मग रडकुंडीला येऊन सांगितलं. आबांचं एकच, की हातात आहे ते खरं. “तू लांबनं घाबरतीस. मी हितं पाणी बघाय लागलोय,” असं म्हणून ते फोन ठेवायला निघाले. तेवढ्यात तिनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. विचारलंही नाही.

“आबा, मी शुभांगी. मॅडमच्या हापिसातली. ती यादी उघडू नका. नुसतं तिचं नाव वाचा. व्हय, वर लिवलंय ते, लांबडं. शेवटनं काय हाय? त्याच्या आधी? आणि त्याच्याबी आधी? शून्य सा. म्हंजे सकाळचं सा. आता भिताडावरच्या घड्याळात बघा.”

पलीकडून आबा काहीतरी म्हणाले.

“दीड वाजलाय, व्हय की न्हाय? आता मला सांगा, सकाळी काढलेलं दूध न तापवता तसंच ठेवलंसा, तर दुपारच्याला चहात घालशीला काय?”

आबांचा आवाज मला ऐकू आला. “नासंल की.”

“ही यादीबी नासलीया, आबा. ताजी मी धाडतो. तिच्या नावात एक वाजलेला असंल. एक दिसला की उठायचं आणि म्हशी सोडायच्या. एक न्हाय दिसला तर बसा निवांत.”

तिनं यादी पाठवली. थोड्या वेळानं आबांचाच फोन आला, आणि आला तो तिला निरोप द्यायला. “त्या पोरीला सांग, एक दिसला. निघालो.”

आबा निघाले, त्यांच्या मागून गल्लीतले लोकही निघाले. आबा प्रत्येकाला फोन दाखवून नाव वाचायला लावत होते म्हणे. संध्याकाळी पाणी रस्त्यावर आलं. गोठ्यात ते छातीइतकं चढलं होतं, हे नंतर पाणी उतरल्यावर भिंतीवर दिसलं. म्हशी माळावर शाळेच्या पडवीत रवंथ करत होत्या.

त्या दिवशी मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. आबा वाचले म्हणून रडले, हे खरंच. पण पूर्ण खरं सांगायचं तर त्यात आणखी एक गोष्ट मिसळलेली होती. मी त्यांची मुलगी. मी सांगितलं तेव्हा ते हलले नाहीत. तिनं दोन वाक्यांत त्यांना उठवलं. आणि त्या नावातले सहा हे खरे सहा होते, कारण ते घड्याळ मी पकडलं होतं! नाहीतर फाइलीनं मध्यरात्रीची वेळ दाखवली असती आणि आबांनी अख्खं ऑफिसच खोट्यात काढलं असतं. हे आबांना सांगायचं मी ठरवलं. पाणी ओसरल्यावर गावी गेले, चहा झाला, मी विषय काढायला लागले, तर आबा म्हणाले, “ठावं हाय मला. त्या पोरीनं फोनवर सांगितलं. म्हणाली, तुमच्या लेकीनं घड्याळ धरलं म्हणून जमलं.”

तेही तिनंच आधी सांगितलं होतं.

पुढं आबांचा आणि तिचा घरोबाच जमला. म्हैस व्याली की खरवसाचा डबा तिच्यासाठी वेगळा. मला फोन केला की चौथं वाक्य, “पोरगी बरी हाय न्हवं?” एकदा ती गडमुडशिंगीहून आईला घेऊन आबांकडं जाऊन आली, वरण्याच्या शेंगा घेऊन. मला सोमवारी कळलं. आबांनी तिला गोठ्यातली पाण्याची खूण दाखवली होती आणि तिनं खिशातला खडू काढून त्या खुणेशेजारी तारीख घातली होती. आबा ती तारीख पुसू देत नाहीत. मी भिंत रंगवून घेऊ म्हटलं तर म्हणाले, “तेवढं सोडून रंगीव.”

मग बेंगळुरूच्या एका कंपनीत जागा निघाली. असंच काम, पण मोठ्या प्रमाणावर, अनेक नद्यांचं. सरांनी आम्हा दोघींचीही नावं पाठवली. मुलाखत पडद्यावरच झाली. मला वाटलं, माझी चांगली झाली. मी विचारून विचारून तयारी केली होती, नवी साडी नेसले होते. घेतलं तिला.

ते सांगायला ती आधी माझ्याकडं आली, सरांच्याही आधी. “मॅडम, तुमचं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं,” ती म्हणाली. दुसरं कुणी हे बोललं असतं तर मी मनात शिव्या दिल्या असत्या. हिचं ते खरं होतं. खरं होतं म्हणूनच जास्त लागलं.

ती जाणार त्या दिवशी आबांचा हुकूम आला, पोरीला बसवून द्यायला तू जा. तिच्या आईला स्टँडवर निरोप देणं जमणार नव्हतं. रडून तिचं बीपी वाढतं. म्हणून मीच स्कूटरवरून तिला सोडायला गेले. तिची एक बॅग पायाशी, एक तिच्या पाठीवर. बस लागलेली होती पण सुटायला अवकाश होता. आम्ही बाकड्यावर बसलो. समोर एक बाई केळी विकत होती, माइकवर गाड्यांची नावं चालू होती. घर बघितलंस का, जेवणाचं काय, असलं काहीतरी मी विचारत राहिले.

ती मधेच म्हणाली, “मॅडम, एक सांगू? रागवू नका. मला तुमचा लई हेवा वाटायचा.”

मला वाटलं, माइकच्या गडबडीत मी चुकीचं ऐकलं. “माझा? कशाचा?”

“तुम्ही आबांशी फोनवर भांडायचा न्हवं का. गोळी घेतली न्हाय, पावसात भिजला, ऐकतच न्हाय म्हणून. मी टायपिंग करत असल्यागत करायचो आणि समदं ऐकायचो. आमचा बा मी बालवाडीत असताना गेला. आईशी भांडाय जावं तर ती रडतीया. मोठ्यांदा भांडावं, तरी त्या माणसानं फोन ठेवू नये, असं मला कोण हाय?” तिनं बॅगेचा पट्टा ओढून नीट केला. “लई येळा वाटायचं, उठावं आणि तुमच्या हातातनं फोन हिसकून घ्यावा. त्या दिवशी घेतलाच की.”

आणि हसली. केळीवालीनं वळून बघितलं इतकी मोठ्यानं.

इतकी वर्षं मी ही गोष्ट पोटात घेऊन फिरत होते. कुणाला, नवऱ्यालाही, कधी बोलले नव्हते. आणि हिनं ती बाकड्यावर बसून, केळ्याचा भाव विचारावा तशी, सरळ माझ्या तोंडावर सांगून टाकली. सांगितल्यावर तिला हलकं वाटलेलं दिसत होतं. हेवा करण्यातसुद्धा ती माझ्यापेक्षा सरस निघाली. मलाही बोलायचं होतं. शुभांगी, मलाही, असं अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात कंडक्टरनं बेल दिली, ती उठली, वाकून माझ्या पाया पडली आणि गर्दीत घुसली. खिडकीतून तिचा हात दिसला. मी ओरडून एवढंच म्हणाले, “पोचलीस की फोन कर.”

बस स्टँडाबाहेर वळून दिसेनाशी झाली. मी स्कूटरवर बसले, पण किल्ली फिरवली नाही. आबांना फोन लावला.

“गेली का पोरगी?”

“गेली.”

“बरं झालं. मोठं काम हाय.” त्यांचा आवाज ओढलेला वाटला.

“दुपारची गोळी घेतलीत का?”

घेतली नव्हती. मी सुरू झाले. किती वेळा सांगायचं, डबी उशाशी ठेवली आहे, तेवढंही होत नाही का तुम्हाला. आबाही चिडले. तू काय मला शिकवतीस, म्हणाले, तू जन्मायच्या आधीपासनं मी माझं बघाय लागलोय. मी आणखी आवाज चढवला, आणि चढवताना माझ्या तोंडून ‘न्हाय’ निघालं, ‘लई’ निघालं, सगळं गावाकडचं निघालं. येणारे-जाणारे बघत होते. रिक्षावाला रिक्षा पुढं घ्यायची सोडून ऐकत होता. आम्ही गोळीवरून म्हशीवर आलो, म्हशीवरून गळक्या पत्र्यावर, पत्र्यावरून आईच्या श्राद्धाला कुणाला बोलवायचं त्यावर. आबांनी दोनदा “ठेव फोन” म्हटलं.

मी ठेवला नाही. त्यांनीही ठेवला नाही.